अंडकोष काढल्यावरही पीएसए का वाढतो, आणि एन्झाइम बंद करणाऱ्या गोळीसोबत स्टेरॉईड का देतात?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बाबा 72 वर्षांचे, आर्णी तालुक्यातले कास्तकार. दोन वर्षांपूर्वी कंबरदुखीसाठी तपासणी झाली आणि प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचलेला निघाला. पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन, त्यावरून आजाराचा अंदाज येतो) 186 होता. दोन्ही अंडकोष काढण्याचं ऑपरेशन झालं, पीएसए 0.9 वर उतरला आणि बाबा परत वावरात जाऊ लागले. आता तोच पीएसए 2.1, मग 4.8, मग 7.4 असा चढत गेलाय. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचा रिपोर्ट मात्र 14 आहे. डॉक्टरांनी ‘हार्मोन बनवणारं एन्झाइम बंद करू’ असं सांगून अबिराटेरोन आणि सोबत प्रेडनिसोलोन लिहून दिलं. मेडिकल स्टोअर चालवणाऱ्या तुमच्या चुलतभावाने ‘प्रेडनिसोलोन स्टेरॉईड आहे, म्हाताऱ्या माणसाला देऊ नका’ म्हणून ते बाजूला काढून ठेवलं. बारा दिवसांपासून बाबा नुसतं अबिराटेरोन घेतायत. तुम्ही विचारताय की ऑपरेशन वाया गेलं का, अंडकोषच नाहीत तर हार्मोन येतं कुठून, आणि या स्टेरॉईडचं काम काय?

बाकीचं उत्तर उद्या वाचलं तरी चालेल, पण एक गोष्ट आजच करा. तुमच्या डॉक्टरांना फोन लावून प्रेडनिसोलोन बारा दिवस दिलंच नाही हे स्पष्ट सांगा आणि ते लिहून दिल्याप्रमाणे आजच सुरू करा. उद्या सकाळी बाबांचं बीपी मोजा आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. आर्णीच्या लॅबमध्येही ही तपासणी होते. कारण पुढे येईलच.

ऑपरेशन वाया गेलेलं नाही. हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही, तुमच्याच रिपोर्टमध्ये ते लिहिलंय. टेस्टोस्टेरॉन 14 म्हणजे ऑपरेशनने आपलं काम पूर्ण केलं. ही पातळी 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली राहावी एवढीच अपेक्षा असते. पीएसए वाढला की आम्ही सगळ्यात आधी हाच आकडा बघतो, कारण ऑपरेशनऐवजी टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या इंजेक्शनवर असलेल्या रुग्णांचा एखादा डोस चुकला की टेस्टोस्टेरॉन परत वर येतं आणि मग सगळा हिशेबच बदलतो. तुमच्या बाबांच्या बाबतीत तो प्रश्न नाही. 186 वरून 0.9 वर आणून दोन वर्षं वावरात चालतं-फिरतं ठेवलं ते त्याच ऑपरेशनने. आपल्याकडे या ऑपरेशनला माणसं मनातून फार घाबरतात. गोऱ्ह्याचं करतात तसं आपलं करून टाकलं, असं वाटून महिनोन्‌महिने कोणाशी न बोलणारी माणसं मी पाहिलीत. एवढं सोसून घेतलेल्या माणसाला ‘वाया गेलं’ हा शब्द घरात ऐकू येऊ देऊ नका.

आता हार्मोन येतं कुठून. वणीकडच्या एका काकाजींनी मला हाच प्रश्न विचारला होता, ‘डाक्टरसाहेब, काढूनच टाकलं तं मंग हे येऊन कुठून राह्यलं?’ त्यांना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो, कारण पऱ्हाटी पिकवणाऱ्या माणसाला ते लगेच समजतं.

कापूस वावरातून थेट कापड होऊन येत नाही. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन रुई निघते, रुईच्या गाठी होतात, गिरणीत सूत होतं, मागावर कापड होतं. प्रत्येक टप्प्याला वेगळं यंत्र लागतं आणि एक यंत्र दुसऱ्याचं काम करू शकत नाही. शरीरातल्या हार्मोनचंही असंच. कच्चा माल म्हणजे कोलेस्टेरॉल. त्यापासून प्रेग्नेनोलोन, त्यापासून डीएचईए, मग अँड्रोस्टेनडायोन, मग टेस्टोस्टेरॉन आणि शेवटी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी. प्रोस्टेटच्या पेशीला सगळ्यात जास्त हुकूम चालतो तो या डीएचटीचा. टेस्टोस्टेरॉनपेक्षा तो कितीतरी जोरकस. या प्रत्येक टप्प्यावर बसलेलं यंत्र म्हणजे एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात.

अंडकोषात ही जवळजवळ सगळी यंत्रं एका छपराखाली असतात. म्हणून पुरुषाच्या रक्तातलं नव्वद टक्क्यांहून जास्त टेस्टोस्टेरॉन तिथून येतं. पण मूत्रपिंडांच्या टोकावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ॲड्रेनल ग्रंथी असतात. त्या पूर्ण कापड विणत नाहीत, पण रुई आणि सूत मात्र भरपूर बाहेर पाठवतात, म्हणजे डीएचईए आणि थोडं अँड्रोस्टेनडायोन. ऑपरेशनचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. आणि कॅन्सरची पेशी काय करते, तर मोठी गिरणी बंद पडल्यावर स्वतःच्या घरात माग बसवते. रक्तातून आलेली रुई उचलते आणि आतल्या आत कापड विणते. ते कापड ती स्वतःच वापरते, रक्तात फारसं सोडत नाही. म्हणून रक्ताचा रिपोर्ट 14 दाखवतो आणि पीएसए तरी वाढत राहतो. दोन्ही रिपोर्ट बरोबर आहेत.

पूर्वी आम्हीही चुकीचं समजत होतो. 1941 साली शिकागोमध्ये चार्ल्स हगिन्स यांनी अंडकोष काढल्यावर पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आक्रसतो हे दाखवलं. त्यासाठी त्यांना 1966 साली नोबेल मिळालं. पण काही काळाने आजार परत डोकं वर काढायचा आणि त्याला ‘आता हा हार्मोनला जुमानत नाही’ असं म्हटलं जायचं. माझ्या शिक्षणाच्या काळात पुस्तकात हेच होतं. 2008 साली सिएटलच्या संशोधकांनी अंडकोषाचं टेस्टोस्टेरॉन बंद असतानाही आजार वाढून मरण पावलेल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या. रक्तात टेस्टोस्टेरॉन नगण्य, आणि गाठीच्या आत ते कसलाच उपचार न झालेल्या रुग्णांच्या प्रोस्टेटमधल्या कॅन्सरपेक्षा जास्त, तिपटीच्या आसपास! त्या गाठींमध्ये हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमचे जीन जोरात चालू होते. हार्मोनला न जुमानणारा म्हणून ज्याला आम्ही केमोकडे ढकलत होतो, तो आजार बऱ्याच जणांमध्ये हार्मोनवरच जगत होता.

यातली चार यंत्रं तुमच्या कामाची आहेत. त्यातल्या एकावर जरा जास्त बोलतो.

पहिलं सीवायपी17ए1. हे आपलं जिनिंग. याच्याशिवाय रुईच निघत नाही, मग पुढे कितीही माग बसवा. हे अंडकोषात असतं, ॲड्रेनलमध्ये असतं आणि कॅन्सरच्या गाठीतही असू शकतं. अबिराटेरोन नेमकं याच्यावर कुलूप लावतं आणि तिन्ही ठिकाणी लावतं. ही गोळी लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाली. त्याआधी केटोकोनॅझोल नावाचं बुरशीवरचं औषध याच कामाला वापरत, पण ते जेमतेमच चालायचं आणि यकृताला त्रास द्यायचं. अबिराटेरोनला अमेरिकेत 2011 साली मान्यता मिळाली. केमोथेरपी होऊन गेलेल्या 1,195 रुग्णांवरच्या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांचं आयुष्य मध्यकाने 14.8 महिने होतं, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, आणि नुसतं स्टेरॉईड घेणाऱ्यांचं 10.9. केमोच्या आधी, म्हणजे बाबांसारख्या अवस्थेत सुरू केल्यास जास्त काळ आधार मिळतो. 2017 साली दोन मोठ्या अभ्यासांनी हेही दाखवलं की आजार पसरलेला असेल तर पहिल्या दिवसापासूनच ऑपरेशन किंवा इंजेक्शनच्या जोडीला ही गोळी दिली तर आयुष्य लक्षणीय वाढतं. तुमच्या घरात किंवा गावात यापुढे कुणाला हाडात पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर निघाला तर ‘सुरुवातीलाच गोळी द्यायची का’ हा प्रश्न नक्की विचारा.

दुसरं एन्झाइम 3 बीटा एचएसडी, जे डीएचईएला पुढे ढकलतं. क्लीव्हलँडच्या निमा शरीफी यांच्या गटाने 2013 साली यात एक महत्त्वाची गोष्ट शोधली. काही माणसांना जन्मतःच या एन्झाइमच्या जीनमध्ये एका अक्षराचा फरक असतो. त्या फरकामुळे एन्झाइम लवकर मोडीत निघत नाही, पेशीत साचून राहतं आणि ॲड्रेनलची रुई झपाट्याने पुढे नेतं. अशा लोकांमध्ये ऑपरेशननंतर आजार लवकर उलटतो. शेजारच्या माणसाला चार वर्षं मिळाली आणि बाबांना दोनच का, याच्या अनेक कारणांपैकी हे एक असू शकतं. तो काही खाण्यापिण्याचा किंवा सेवेचा दोष नाही. ही तपासणी आपल्याकडे रोजच्या कामात करत नाहीत आणि आज तिच्यावरून बाबांचा उपचार बदलणारही नाही, त्यामुळे तिच्यामागे धावू नका.

तिसरं एकेआर1सी3, अँड्रोस्टेनडायोनचं टेस्टोस्टेरॉन करणारं. ऑपरेशननंतर उलटलेल्या गाठींमध्ये हे फार वाढलेलं दिसतं. त्याच्यावर संशोधन चालू आहे, बाजारातली गोळी अजून नाही.

चौथं 5 अल्फा रिडक्टेज, शेवटचा माग, टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारा. इथे मला थांबून बोलायचंय, कारण या एन्झाइमपायी आपल्या भागात निदान उशिरा होताना मी पाहिलंय. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत हे एन्झाइम जन्मतः नसलेली मुलं 1974 साली संशोधकांनी नोंदवली. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहानच राहायची. त्यावरून फिनास्टेराइड आणि पुढे ड्युटास्टेराइड या गोळ्या निघाल्या. लघवी अडकणाऱ्या वयस्क माणसाला आज तालुक्याच्या दवाखान्यात टॅमसुलोसिनसोबत ड्युटास्टेराइडची एकत्र गोळी सर्रास दिली जाते. साध्या वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ती चांगलीच गोळी आहे. पण सहा महिने ती घेतली की पीएसए साधारण निम्मा होतो. म्हणजे रिपोर्टमध्ये 3 आला तर तो 6 धरायचा असतो. लॅबला हे माहीत नसतं, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं आणि माणूस निश्चिंत होऊन घरी जातो. तुमच्या घरातले काका, सासरे, कोणी रात्री चार-चार वेळा उठतात म्हणून अशी गोळी घेत असतील तर पीएसए बघणाऱ्या डॉक्टरांना तिचं नाव सांगा. आणि बाबांचा वाढलेला पीएसए खाली आणायला म्हणून ही गोळी कुणी सुचवली तर घेऊ नका. आकडा गोड दिसेल, आजार तिथेच राहील.

आता प्रेडनिसोलोन. जिनिंगचं यंत्र बंद केलं खरं, पण ॲड्रेनल ग्रंथीत त्याच यंत्रावर आणखी एक माल निघतो, कॉर्टिसॉल. शरीराला रोज लागणारं ते नैसर्गिक स्टेरॉईड. गोळीने तेही घटतं. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी हे ओळखते आणि ‘माल वाढवा’ म्हणून ॲड्रेनलला एसीटीएच या हार्मोनचा तगादा लावते. ग्रंथी जोरात कामाला लागते, पण जिनिंग बंद, मग साचलेला कच्चा माल दुसऱ्या दारातून बाहेर पडतो. त्या दारातून बनतात मीठ धरून ठेवणारे हार्मोन. शरीरात मीठ-पाणी साचतं, बीपी चढतं, पाय सुजतात आणि लघवीवाटे पोटॅशियम निघून जातं. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. प्रेडनिसोलोनचा छोटा डोस घटलेल्या कॉर्टिसॉलची जागा भरतो आणि पिट्युटरीचा तगादा थांबवतो. आजार ऑपरेशनला जुमानत नसेल तेव्हा हा डोस साधारणपणे 5 मिलिग्रॅम दोन वेळा असतो. दम्याला किंवा सांधेदुखीला महिनोन्‌महिने मोठ्या डोसमध्ये देतात तो हा उपचार नाही. चुलतभावाची काळजी चुकीची नाही, मेडिकलवाल्याने स्टेरॉईडला घाबरावं हे चांगलंच. फक्त इथे ते निम्मं औषध आहे.

त्या वणीच्या काकाजींनी हेच केलं होतं. मे महिना, पारा 45 वर. पायात गोळे येत होते, अंगात ताकद नव्हती. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. म्हणून दिवसातून चार वेळा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी पाजत राहिले. माझ्याकडे आणलं तेव्हा बीपी 190, पोटॅशियम 2.6 आणि पायावर बोट दाबलं की खड्डा. प्रेडनिसोलोनची पाकिटं घरी तशीच पडलेली. चार दिवस भरती ठेवावं लागलं. बरे झाले, पुढे दीड वर्ष त्याच गोळीवर शेती बघितली. म्हणून सांगतो, बाबांना अशक्तपणा, पायात गोळे, धडधड, सूज यातलं काहीही दिसलं तर उन्हाच्या नावावर टाकू नका, पोटॅशियम तपासा. आणि बीपी-सुजेसाठी कुणी स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर बाबांना अबिराटेरोन चालू असल्याचं सांगा. हार्मोन कॅन्सरच्या पेशीतल्या ज्या कुलपात किल्लीसारखं बसून तिला हुकूम देतं, त्याच कुलपात ते औषध स्वतःच बसू शकतं. त्याऐवजी इप्लेरेनोनसारखा पर्याय असतो.

एकदा सुरू झालेलं प्रेडनिसोलोन अचानक बंद करायचं नाही, हेही लक्षात ठेवा. अबिराटेरोन थांबलं तरी स्टेरॉईड डॉक्टर सांगतील तसंच कमी करायचं. ताप, उलट्या, अपघात, कुठलंही ऑपरेशन, अशा वेळी समोरच्या डॉक्टरला ते चालू असल्याचं आधी सांगा.

गोळी घेण्याची वेळ फार महत्त्वाची आहे. 250 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे 1000 मिलिग्रॅम लिहिलं असेल तर ती उपाशीपोटीच. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, दुधाचा चहासुद्धा नाही. तेलकट-तुपकट जेवणासोबत हे औषध दहापट रक्तात शिरू शकतं. बाबा पहाटे पाचला उठत असतील तर उठल्याबरोबर पाण्यासोबत गोळ्या आणि सहानंतर चहा, हे आपल्याकडे सगळ्यात नीट बसतं. प्रेडनिसोलोन मात्र नाश्ता-जेवणानंतर. काही डॉक्टर खर्च वाचावा म्हणून एकच गोळी हलक्या नाश्त्यासोबत देतात. 72 रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात त्याने पीएसए तितकाच उतरला होता. तेव्हा दुसऱ्या कुणाच्या कागदावर एकच गोळी दिसली तर ती चूक नाही, पण आपल्या मनाने चारची एक करू नका, आणि चार गोळ्या जेवणासोबत तर कधीच नको. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना उघड्या हाताने शिवू नये.

यकृताची तपासणी पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. बीपी-पोटॅशियम दर महिन्याला. त्यासाठी प्रत्येक वेळी सावंगी, सेवाग्राम किंवा नागपूरची वारी नको. तालुक्यात रक्त द्या, रिपोर्ट डॉक्टरांना मोबाईलवर पाठवा. टीबीचं औषध सुरू करायची वेळ आली तर आधी विचारा, त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे अबिराटेरोन रक्तात कमी पडतं. सांधेदुखीसाठी आठवडी बाजारातल्या पुड्या आणि ‘ताकदी’ची चूर्णं बंद, त्यांत स्टेरॉईड किंवा पुरुषी हार्मोन मिसळलेलं असू शकतं. खर्चाचं म्हणाल तर जेनेरिक अबिराटेरोन अनेक कंपन्यांचं मिळतं, किमतीत बराच फरक असतो. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कागदपत्रं दाखवून विचारा.

बाबा तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात असं तुम्ही लिहिलंय. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन सुरू होणार असेल तर आधी दात दाखवून घ्या आणि काढायचे ते दात इंजेक्शनच्या आधी काढा. नंतर दात काढल्यास जबड्याचं हाड उघडं पडून महिनोन्‌महिने भरत नाही, असं होऊ शकतं. आणि पाय अचानक लुळे पडले, लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच रात्री गाडी करून मोठ्या रुग्णालयात न्या, सकाळची वाट पाहू नका. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबत असेल तर एक रात्रही फार मोठी असते.

ही गोळी किती काळ चालेल, हे आज कोणी सांगू शकणार नाही. काहींना काही महिने, काहींना दोन-तीन वर्षं. पुढे कॅन्सर पुन्हा वाट काढतो. कधी दुसऱ्या यंत्रांवरून माल फिरवतो, कधी हार्मोनचं कुलूपच असं बदलतो की किल्ली नसताना ते उघडं राहतं. तेव्हा केमो आणि इतर उपचार आहेत, त्यावर त्या वेळी बोलू. बाबांना मधुमेह किंवा हृदयाचा मोठा त्रास असता तर मी एन्झालुटामाइड या दुसऱ्या औषधाचा विचार केला असता, त्याला स्टेरॉईडची जोड लागत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून तुमच्या डॉक्टरांची निवड मला योग्य वाटते.

हे उत्तर चुलतभावालाही वाचायला द्या. त्यांच्या दुकानात बीपीचं यंत्र असेलच. दर आठवड्याला बाबांचं बीपी त्यांनीच मोजावं आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावं. पुढच्या भेटीला ती वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, लघवीची, बीपीची, आयुर्वेदिक, जे असेल ते, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.